तपकिरीच्या डब्यांतली माणसं

परवा पुण्याच्या एका मासिकात वाचलं, की मराठवाड्यात फिल्मचा कॅमेरा आला तो यंदा, फौजेच्या मागोमाग. त्याआधी इथं म्हणे तंबूतले सिनेमे होते आणि ते बघणारी अडाणी रयत होती. लिहिणारे गृहस्थ जालन्याच्या स्टेशनावर फार तर चहा प्यायला उतरले असतील. पत्रकं लिहून लिहून माझी भाषा बिघडलेली आहे, तेव्हा सरळच सांगतो. हे खोटं आहे. आमच्या जालन्यात लिंबाजी मिस्तरी होता, आहे, आणि त्याच्या हातच्या फिल्लमी मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या आहेत. पहिली बघितली तेव्हा पुण्याच्या गृहस्थांची ही फौज निघालीसुद्धा नव्हती.

लिंबाजी मूळचा टेंभुर्णीचा, शेतकऱ्याचा पोर. घरची जमीन भावांवर टाकून तो तरुणपणी एका तंबूवाल्या सिनेमा कंपनीबरोबर निघून गेला आणि बारा वर्षं गावोगावच्या जत्रांत मशीन फिरवत राहिला. कंपनी बुडाली ती जालन्यातच. तेव्हा तो इथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून चिकटला. काळा, शिडशिडीत. डोक्यावर ऊन असो नसो, खाकी टोप. सरकीच्या ढिगाला आग लागू नये म्हणून जिनिंगमध्ये बिडी बंद, म्हणून हा तपकीर ओढायचा, आणि रिकामी डबी कधी फेकायचा नाही. त्याच्या खोलीत फळीवर त्या पत्र्याच्या डब्यांची उतरंड असे. "काय करता हो एवढ्या डब्यांचं?" मी एकदा विचारलं. "अजून न्हाई ठरलं," म्हणाला.

मला तो कधी नावानं हाक मारायचा नाही. "काय पत्रकवाले, आज कुणाला झोडपलं?" असं विचारायचा. मी तेव्हा चळवळीची पत्रकं लिहून चोरून छापत होतो आणि जगात आपल्याइतकं धारदार हत्यार कुणाकडं नाही अशी माझी खात्री होती. लिंबाजी पत्रक वाचायचा, घडी घालायचा आणि म्हणायचा, "चांगलं हाय. पर म्हातारा उठंल."

हा म्हातारा कोण, ते सांगितलं पाहिजे.

तंबूच्या दिवसांत तीर्थपुरीच्या जत्रेत पौराणिक मूकपट लागला होता. फिल्म जुनी, ठिकठिकाणी तुटायची. तुटली की लिंबाजी अंधारातच दोन टोकं खरवडायचा, मसाला लावून चिकटवायचा आणि मशीन पुन्हा चालू करायचा. त्या दिवशी घाईत एक तुकडा मागचा पुढं लागला. राक्षस आधी मेला आणि मग लढला. तंबू गच्च भरलेला, शिट्ट्या, टाळ्या, कुणाला पत्ता नाही. खेळ संपल्यावर शेवटच्या रांगेतून एक म्हातारा शेतकरी उठला, काठी टेकत मशीनपाशी आला आणि म्हणाला, "मालक, त्यो मेल्ता ना? मंग लढला कसा?"

"एवढ्या तंबूत एकट्यानं वळखलं," लिंबाजी सांगायचा. "त्या दिसापासून त्या म्हाताऱ्याला भिऊन राह्यलो. सांधा लावायला बसलो की शेवटच्या रांगंत त्यो बसलेला दिसतो."

माणसाला गुरू कुठं भेटेल, सांगता येत नाही. मुंबईतल्या स्टुडिओतल्या लोकांना इंग्रजी पुस्तकं भेटली. आमच्या लिंबाजीला तीर्थपुरीचा म्हातारा भेटला, आणि मी पैजेवर सांगतो, म्हातारा वरचढ आहे.

कॅमेरा त्याच्या हातात आला तो जिनिंगच्या मालकामुळं. मालकांना आपल्या नव्या यंत्रांची फिल्म हवी होती, व्यापाऱ्यांना दाखवायला. मुंबईहून चावीचा छोटा कॅमेरा आणि फिल्म दाखवायचं हाताचं मशीन मागवलं, स्वतः चार दिवस खेळले, कंटाळले आणि मिस्तरीला म्हणाले, "तूच काढ." एका चावीत अर्धा मिनिट चित्र निघे. मग पुन्हा चावी. जर्मनच्या लढाईच्या दिवसांत कोरी फिल्म मिळायची मारामार, त्यामुळं लिंबाजी आधी दोन-दोन दिवस नुसता बघत बसायचा आणि मगच चावी द्यायचा. काढलेली फिल्म यंत्रांच्या सुट्या भागांच्या खोक्यातून मुंबईला धुवायला जायची. परत यायची ती एकच प्रत, दुसरी नकल नाही. कात्री लावायची ती अस्सलालाच.

बोंडापासून गाठीपर्यंतची कापसाची फिल्लम त्यानं केली. मालकांनी बघितली आणि कपाळाला आठ्या. "लिंबाजी, मशीन दाखव म्हणलं होतं. ह्या बाया काहून घेतल्या? त्यात ही एक सारखी खोकून राह्यली."

"मालक, मशीनीत कापूस कोण घालतं?"

"ते बराबर, पर दाखवायचं कशाला?"

"मंग कापूस आपला आपण चालत जातो असं दाखवू का? म्हातारा उठंल."

म्हातारा कोण हे मालकांना माहीत नव्हतं. त्यांनी त्याला एखादा बडा व्यापारी समजून मान्यता दिली. बाया राहिल्या. आणि फिल्लम व्यापाऱ्यांना दाखवण्याआधी लिंबाजीनं ती त्या बायांना दाखवली. हा त्याचा नेम होता. ज्याचं तोंड काढलं, त्यानं आधी बघायचं. तो म्हणेल ते कापायचं, तिथंच, त्याच्यासमोर. "फिल्लम माझी. तोंड ज्याचं त्याचं," एवढंच त्याचं शास्त्र. मी त्याला हसायचो. हसू फार दिवस टिकलं नाही.

लढाई संपल्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आष्टीला बड्या साहेबाचा दौरा लागला. दौरा म्हणजे काय, ते ज्यांनी भोगलं त्यांना सांगायला नको. गावानं वेठ करायची. तंबू, खुर्च्या, पलंग, साहेबाच्या अंघोळीचा हंडा, सगळं माणसांच्या डोक्यावरून एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला. ज्वारी काढणीला आलेली, पाखरं कणसं खात होती, आणि गावातला तरणा माणूस न् माणूस साहेबाचा पलंग वाहत होता. मी म्हणालो, यावर पत्रक काढतो. लिंबाजी म्हणाला, "मी फिल्लम काढतो."

"चोरून कशी काढणार?"

"चोरून काहून? इचारून काढतो."

आणि खरंच, तो दिवसाढवळ्या ठाण्याच्या अमीनापुढं, म्हणजे फौजदारापुढं, जाऊन उभा राहिला. "हुजूर, बड्या साहेबांच्या दौऱ्याची फिल्लम काढायची इजाजत द्या." अमीनसाहेब खूश. "क्या रे मिस्तरी, मैं भी आऊंगा क्या उसमें?" लिंबाजी म्हणाला, "तुमीच तर पयले." दौऱ्याच्या दिवशी अमीनानं कॅमेऱ्यापुढं मिशा पिळल्या, लिंबाजीचा टोप बघून खो-खो हसला आणि मग स्वतः छडी उगारून वाटेतली गर्दी बाजूला केली, मिस्तरीला नीट दिसावं म्हणून! वेठीची सगळी रांग अमीनाच्या देखरेखीखाली कॅमेऱ्यात उतरली. मी तिथंच बाभळीखाली उभा होतो. इतका अभिमान मला माझ्या कुठल्याही पत्रकाचा वाटलेला नाही.

त्या रांगेत सखाराम होता. अनवाणी, डोक्यावर पलंगाची चौकट, आणि डाव्या पायात काटा मोडलेला. थांबायची सोय नव्हती. तो लंगडत होता, आणि लिंबाजीनं जमिनीवर बसून पुरी एक चावी त्याच्या पायावर खर्ची घातली. धुळीत टेकणारा आणि टेकताच उचलला जाणारा तो पाय. मग एका दगडाला अडखळून तो पडला. तेही आलं.

मुंबईहून फिल्म धुऊन आली तेव्हा मी लिंबाजीच्या खोलीत जाऊन बसलो. पिकलेल्या केळासारखा मसाल्याचा वास कोंडलेला. मी म्हणालो, "सोपं आहे. सखाराम पडतो, आणि लगेच अमीन हसतो. बघणारा पेटून उठेल."

"अमीन हसला त्यो माझ्या टोपाला. सखाराम पडायच्या लई आधी."

"कुणाला कळणार आहे?"

त्यानं मान वळवून खोलीच्या मागच्या भिंतीकडं बघितलं. मला कळलं. तीर्थपुरीचा म्हातारा मागच्या रांगेत काठी चाचपत होता. "त्यानं एक खोटा सांधा धरला," लिंबाजी म्हणाला, "की बाकीचे खरे पण गेले." अमीन हसला तिथंच राहिला, सुरुवातीला, छडी उगारून गर्दी हटवताना.

नेमाप्रमाणं फिल्लम आधी आष्टीला गेली. रात्री माणसं जमली की ठाण्याला वास लागे, म्हणून मालकांच्या तिथल्या कापसाच्या गोदामात भर दुपारी दारं लावून अंधार केला. मालकांच्या मोटारीची बॅटरी दिव्याला लावली. मशीन लिंबाजी हातानंच फिरवायचा. भिंतीवर गाव चालू लागलं आणि गोदामात हशा उसळला. "आरं, ह्यो तर मी!" "किती काळा दिसून राह्यला रे!" "तू हाईसच काळा, भिंतीला कशाला बोल लावतो?" सखाराम स्वतःला लंगडताना बघून सगळ्यांत जोरात हसला.

हसणं ओसरल्यावर त्याची बायको जनाबाई उभी राहिली. "फिल्लम झ्याक हाय मिस्तरी. पर आमची तोंडं काढून टाका. तुमी जालन्याला जाल. आमाला हितंच राहायचंय."

मी उसळलो. चेहरेच नसतील तर फिल्म कसली? लोकांनी रडायचं कुणाकडं बघून? मी बराच बोललो असेन. लिंबाजीनं मला थांबवलं नाही. तो फक्त सदऱ्याच्या खिशातून कात्री काढून बसला.

"कुणाकुणाची?"

सगळ्यांची. एकेक जण पुढं आला, फिल्म दाराच्या फटीतल्या उजेडात धरून लिंबाजी तोंड दाखवायचा, तो मान हलवायचा, कात्री चालायची. तुकडा गुंडाळून तपकिरीच्या डबीत. त्या डब्यांचं काय करायचं ते त्या दुपारी ठरलं. मी नावं लिहायला दौत काढली तर त्यानं माझा हात धरला. "नाव लिवलं की डबी मुद्देमाल झाली. खूण टाका ज्यानं त्यानं आपली." मग कुणी डबीत ज्वारीचा दाणा टाकला, कुणी घोंगडीचा धागा, कुणी सदऱ्याचं बटण. सखारामनं पायातून निघालेला बाभळीचा काटा जपून ठेवला होता, तो टाकला. "लई दिस सोबत व्हता," म्हणाला.

उरलं काय? पाय, पाठी, माना, पलंगाखाली दिसणारे हात. आणि सुरुवातीला हसणारा अमीन. मला वाटलं, मेली फिल्म. सीमेपलीकडं वऱ्हाडात पहिला खेळ झाला तेव्हा मी ठरवून मागं उभा राहिलो. सखारामचा पाय भिंतीवर आला आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईनं आपले पाय लुगड्याखाली ओढून घेतले. मग तिच्या शेजारणीनं. सगळ्या रांगेनं. चेहरा असता तर त्यांनी सखारामची कीव केली असती. पायाला नाव नव्हतं, म्हणून तो ज्याचा त्याचा झाला. हे मला तेव्हा कळलं, आणि लिंबाजीला कदाचित कात्री चालवतानाच कळलं असेल. त्यानं तसं कधी म्हटलं नाही.

आता माझी करणी. खेळाबरोबर वाटायला मी पत्रक लिहिलं. जोरदार लिहिलं. त्यात एक ओळ घातली: 'आष्टीचा सखाराम, पायात काटा घेऊन साहेबाचा पलंग वाहतो!' उद्गारचिन्हासकट. फिल्मीत नसलेलं नाव मी छापलं. मला ते धैर्य वाटलं होतं. धैर्य सखारामच्या जिवावरचं होतं, हे डोक्यात आलं नाही. आठवड्याच्या आत पत्रक ठाण्यात पोचलं आणि सखारामला उचललं.

लिंबाजी माझ्या खोलीवर आला. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्यानं पत्रक मेजावर ठेवलं, कात्री काढली, ती एक ओळ नीट कापली आणि माझ्यासमोर ठेवली. "एवढंच कापायचं व्हतं," म्हणाला. त्या चिंधीएवढ्या कागदासारखी चपराक मला कुणी मारलेली नाही.

मग त्यानं फिल्म उघडली आणि सखारामचा पाय कापला. ज्या पायापुढं वऱ्हाडातल्या बायांनी आपले पाय ओढून घेतले, तो. त्याच्या हातून निघालेलं सगळ्यांत चांगलं काम ते, हे त्यालाही ठाऊक होतं. पायाचा तुकडा काट्याच्या डबीत गेला. फिल्म, मशीन, बॅटरी आणि कॅमेरा घेऊन तो आपल्या पायांनी ठाण्यात गेला. मीही बरोबर गेलो. नाही जायचं तर तोंड कुठं दाखवणार होतो?

"हुजूर, फिल्लम माझी," तो अमीनाला म्हणाला. "हिच्यात सखाराम कुठं हाय, तुमीच बघा."

ठाण्याच्या खिडक्या लावल्या. ओळख पटवायला गावचे पाटील बसवले. रांग चालू लागली, पाठी, पाय, माना. आमच्याकडं माणूस कोसावरून चालीवर ओळखू येतो. पाटलांनी एकूण एक माणूस ओळखला असणार. घामानं त्यांचा पटका भिजला होता. अमीन ओरडला, "पहचानो!" पाटील म्हणाले, "साहेब, पाय दिसून राह्यले. पाय तर काय, सगळ्यांलाच असतात."

लिंबाजीनं फिल्म मागं फिरवून पुन्हा सुरुवातीला आणली. भिंतीवर अमीन आला. हसरा, मिशा पिळलेला, वेठीच्या रांगेला छडीनं वाट करून देणारा. सबंध फिल्मीत ओळखू येणारं एकच तोंड होतं, आणि ते त्याचं होतं.

पाटलांनी पटक्याचं टोक तोंडावर धरलं.

"हुजूर, माझा एक नेम हाय," लिंबाजी अगदी अदबीनं म्हणाला. "ज्याचं तोंड त्याला इचारतो. ही फिल्लम वर गेली तर बडे साहेब इचारतील, इजाजत कुणी दिली. तुमचं ठेवू का काढू?"

"निकाल! अब्बी निकाल!"

"काढतो. सखारामला सोडा, बराबर काढतो."

सखाराम बाहेर आला. डावा हात गळ्यात बांधलेला होता. तो हात पुढं कधी नीट सरळ झाला नाही, हे मी इथं लिहून ठेवतो, कारण ते माझ्या एका ओळीचं मोल आहे. लिंबाजीनं अमीनाचा तुकडा कापून त्याच्या हातात दिला. अमीनानं काडी लावली. ती फिल्म भडकत नाही, नुसती वळते आणि वितळते. ती वळली. मग अमीनानं कॅमेरा उचलून आपल्या कपाटात टाकला आणि कुलूप लावलं. तो पुन्हा मिळाला नाही. लिंबाजी मिस्तरीनं त्यानंतर एक चित्रही काढलेलं नाही. वाटेत मी म्हणालो, "कॅमेरा गेला." तो म्हणाला, "सखाराम आला की." आणि तपकिरीची चिमूट नाकात भरली.

यंदा संस्थान गेलं. जो तो भाषणं देत सुटला, मीही दिली. लिंबाजीनं पोत्यात डब्या भरल्या आणि आष्टीची वाट धरली.

गोदामाच्या दारात, उन्हात, त्यानं डब्या मांडल्या. माणसं आली. "माझं बटण." "माझा घोंगडीचा धागा." ज्यानं आपली खूण ओळखली, त्याला लिंबाजी विचारायचा, "जोडू का?" आणि हो म्हटलं की टोकं खरवडून तोंड त्याच्या जागी बसवायचा. केळाचा वास दारभर पसरला. दुपारपर्यंत एकच डबी उरली. सखाराम उन्हाळ्यात पटकीनं गेला होता.

जनाबाई आली. डबी तिनं स्वतः उघडली, काटा बोटानं बाजूला केला आणि तुकडा उन्हात धरला. एकाखाली एक, नखाएवढे सखाराम.

"ह्यात ते किती येळा हायेत?"

"एक पापणी लवंस्तोवर पाच-सात येळा. मोजले न्हाई. जोडू का, वैनी? तुमी नको म्हणाल तर डबी तुमची."

तिनं तुकडा त्याच्या हातात दिला. "जोडा. तवा आमाला हितं राहायचं व्हतं. आता त्यांला भ्यायचं काय कारण न्हाई. पर मंग माझ्यापाशी काय राहील?"

लिंबाजीनं टोक खरवडायला घेतलं होतं, तो थांबला. "सांध्याला एक चित्र मरतंच, वैनी. चांगला सांधा असला तरी. आजवर फेकत आलो." त्यानं कात्रीनं एक चौकट अलगद सोडवली आणि तिच्या तळव्यावर ठेवली. "हे तुमचं."

मग दारं लागली आणि फिल्लम सुरू झाली. सुरुवातीला, अमीन होता तेवढ्या लांबीची, काळी पट्टी चालली. मी म्हटलं होतं, तिथं निदान त्याचं नाव तरी लिहू. लिंबाजी म्हणाला होता, "त्याची इजाजत न्हाई." म्हणून त्या फिल्मीत आज सगळ्या आष्टीला तोंड आहे, एकट्या अमीनाला नाही. काळं संपलं आणि माणसं आली. पाय आला, आणि पायाच्या वर, दोन-अडीच वर्षांनी, सखाराम आला.

"थांबवा! थांबवा जरा!" कुणीतरी ओरडलं.

"थांबवला तर दिव्यानं जळंल," लिंबाजी म्हणाला. त्याचा हात होता तसाच एका लयीत फिरत राहिला.

संपल्यावर त्यानं नेहमीसारखं शेवटच्या रांगेकडं बघितलं. कुणी उठलं नाही. दार किलकिलं झालं होतं आणि उजेडाच्या त्या पट्टीत जनाबाई उभी होती, नखाएवढा चौकोन डोळ्यापाशी धरून. लिंबाजीनं टोप काढला, तोंडावरचा घाम पुसला, टोप पुन्हा डोक्यावर ठेवला आणि फिल्म उलटी गुंडाळायला लागला.

"पुन्हा लावू?" त्यानं विचारलं.